कुरतडलेल्या वायरींची बखर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा भाचा बदलापूरला राहतो आणि भाड्याची गाडी चालवतो. गाडी जुनी घेतलेली, हप्ते मात्र नवेकोरे. मागच्या पावसाळ्यात एका पहाटे त्याला विमानतळाचं भाडं होतं. अंबरनाथ मागे पडलं आणि गाडी आचके देऊ लागली. मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि उल्हासनगरच्या हद्दीत शिरता शिरता गाडी बंद पडली. गिऱ्हाईक चरफडत रिक्षानं कल्याण स्टेशनकडे गेलं. भाच्यानं मला फोन केला, कारण मी तिथून जवळ राहतो आणि त्याच्या मते माझ्याकडे वेळच वेळ असतो. कवी माणसाबद्दल नातेवाइकांचा हा समज फार जुना आहे.

पुढचे आठ दिवस ती गाडी जागची हलली नाही. पहिल्या गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलली. गाडी सुरू झाली, दहा मिनिटं चालली, पुन्हा बंद. दुसऱ्यानं यंत्र लावून सांगितलं की ऑक्सिजन सेन्सर गेला आहे, तोही बदलला. पिवळा दिवा पेटलेलाच. मग एका मोठ्या शोरूममध्ये टोचन करून नेली. तिथल्या मुलानं बॉनेट उघडलं, बॅटरी टाकली, 'उंदीर आहे सर' असं म्हणून बंद केलं आणि अख्खं वायरिंग बदलावं लागेल, असा बावन्न हजारांचा कागद हातात दिला. विमा कंपनीचा माणूस पॉलिसीत उंदराला जागा कुठे मिळते, हे शोधत राहिला. भाचा मला म्हणाला, "मामू, हप्ता बारा तारखेला जातो. उंदीर बँकेला ठाऊक नाही."

त्या आठ दिवसांत मी जे पाहिलं आणि नंतर कुतूहलानं जे वाचलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो आहे.

शेवटी आम्ही ज्यांच्याकडे पोहोचलो ते उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातले एक म्हातारे वायरमन. दुकान म्हणजे दहा फुटी गाळा, बाहेर लाकडी बाकडं. सगळे त्यांना 'साईं' म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांचे वडील फाळणीनंतर कराचीहून आले. उल्हासनगर तेव्हा उल्हासनगर नव्हतं. कल्याण कॅम्प होतं. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या बराकी रिकाम्या झाल्या आणि त्यांत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं पडद्याच्या भिंती करून राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथं कोनशिला बसली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. पण बोलण्यात आजही एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असे कॅम्पच आहेत. ज्यांचं सगळं मागे राहिलं त्या माणसांना टाकून देण्याची चैन परवडणारी नव्हती. मोडलेलं उघडून बघायचं, जोडायचं, चालवायचं आणि जमलं तर तसंच नवं करून विकायचं, हा या गावाचा स्वभाव झाला. त्याची लोकांनी भरपूर थट्टाही केली. ती थट्टा करणारे लोक दुरुस्तीला मात्र इथंच येत.

साईंनी यंत्र काढलंच नाही. आधी बाकड्यावर बसवलं आणि विचारलं, गाडी रात्री कुठं उभी असते? मध्ये बरेच दिवस उभी होती का? शेजारी काय आहे? भाच्याला बारा दिवस ताप होता, तेवढे दिवस गाडी इमारतीच्या मागं उभी होती. पलीकडे उरलंसुरलं भाताचं खाचर आणि त्यात नव्या बांधकामाचा पाया खणलेला. "मग बिळं उघडी पडली," साईं म्हणाले, "भाडेकरू तुझ्याकडे आले."

मग बॉनेट उघडलं. हातमोजे चढवले, तोंडाला रुमाल बांधला आणि विजेरी तिरपी धरून ते नुसतं बघत राहिले. एखादा पंडित जुना ताम्रपट असा तिरप्या उजेडात धरतो. बॅटरीच्या बाजूला लेंड्या होत्या. घरातल्या छोट्या उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी असते. या सेंटिमीटरभर लांबीच्या होत्या, म्हणजे मोठा उंदीर. इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं तर खाली घरटं निघालं. भाताचा पेंढा, पिशवीचे तुकडे आणि बॉनेटच्या आतल्या नमद्याचा पिंजलेला कापूस. साईंनी ते चिमट्यानं उचललं आणि म्हणाले, "बदलापूरचा माल. आमच्या कॅम्पातल्या गाडीत जीन्सच्या चिंध्या निघतात." उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा धंदा घरोघरी पसरलेला आहे, उंदरानं त्याचा फायदा घेतला नसता तरच नवल. चाकावरून, मग खालच्या दांड्यावरून वर चढण्याची त्याची वाटही त्यांनी दाखवली. धुळीत तिथं एक तेलकट पट्टा पडला होता.

घरट्यावर त्यांनी आधी फिनेलचं पाणी फवारलं. कोरडं झाडायचं नाही. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. इकडे उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या वस्तीत शिरल्या. पाणी ओसरलं आणि मुंबई परिसरात लेप्टोचे रुग्ण दिसू लागले. त्या पुरात बुडालेल्या गाड्या साईंनी पुढं दोन वर्षं दुरुस्त केल्या. त्यांनी मला फरकही सांगितला. पुरानं गेलेली वायर बाहेरून धडधाकट दिसते आणि कपलर उघडला की आत तांब्यावर हिरवा गंज असतो. उंदरानं खाल्लेल्या वायरीचं तांबं चकचकीत असतं. प्लास्टिकवर शेजारी शेजारी दोन खाचा, जोडीनं. "पाणी सही करत नाही," ते म्हणाले, "उंदीर करतो."

पण सही सापडली म्हणून दुखणं सापडलं असं होत नाही, आणि शोरूमचा पोरगा नेमका इथंच थांबला होता. गाडीत उंदीर आहे, एवढं त्यानं बरोबर सांगितलं. कुठली वायर, किती वायरी, हे शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळाचं बिल करता येत नाही. त्यामुळे अख्खं वायरिंग. दुसऱ्या गॅरेजवाल्याची चूक उलटी. त्याच्या यंत्रानं ऑक्सिजन सेन्सरचं नाव घेतलं आणि त्यानं सेन्सर बदलला. यंत्र खोटं बोललं नव्हतं. सेन्सरकडून बातमी येत नाही, इतकंच ते सांगत होतं. पोस्टमन आला नाही म्हणून पत्र लिहिणाराच वारला असं धरून चालण्यासारखं झालं हे.

बी.ए.ला माझा इतिहास होता. अंबरनाथचं शिवमंदिर वालधुनीच्या काठी आहे आणि त्याच्या शिलालेखातला शक आज ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा मानला जातो. पण हा शक सुरुवातीला ७८२ असा वाचला गेला होता. झिजलेला एक आकडा, आणि देऊळ दोनशे वर्षं मागं गेलं! नंतर कुणीतरी शांतपणे पुन्हा वाचलं आणि ते शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात परत आलं. साईं मल्टिमीटर हातात घेऊन ओणवे झाले तेव्हा मला त्या आकड्याची आठवण झाली.

त्यांची पद्धत मी जशी पाहिली तशी सांगतो. गाडी बंद असताना बॅटरी बारा पूर्णांक सहा व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ठीक. सुरू केल्यावर चौदाच्या आसपास, म्हणजे चार्जिंगही ठीक. फ्यूज सगळे शाबूत. मग सेन्सरचा कपलर काढून तिथपर्यंत वीज पोहोचते का, ते पाहिलं. पोहोचत होती. आणि तरीही दिवा लागत होता. तेव्हा त्यांनी भाच्याला मीटरकडे बघायला बसवलं आणि स्वतः वायरीचा जुडगा बोटभर बोटभर हलवत गेले. एका ठिकाणी भाचा ओरडला, "साईं, गेला आकडा!" तिथं इंजिनाच्या मागल्या अंगाला, हवेच्या नळ्यांखाली, जिथं डोळा पोहोचत नाही अशा जागी, जुडग्यावरची टेप फाडलेली होती. आत चार वायरींचं कातडं सोललेलं. एक पूर्ण तुटलेली, दुसरीचे दोन-तीन धागे शिल्लक. इंजिन थरथरलं की ते धागे कधी एकमेकांना चिकटत, कधी इंजिनाच्या अंगाला लागत. म्हणून गाडी दहा मिनिटं चाले आणि बंद पडे.

हे सगळं चाललं असताना साईंनी त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा लहान असताना कराचीत प्लेग आला. आढ्यावरून उंदीर मरून पडले की घर सोडायचं, एवढं लोकांना कळत होतं. घरी येऊन मी पुस्तकं काढली, तेव्हा लक्षात आलं की रोग ओळखण्याच्या इतिहासातलं एक मोठं पान त्याच गावात लिहिलं गेलं आहे.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची कोठारं, म्हणजे उंदरांची राजधानी. पण सरकारनं बघितलं ते माणसांकडे आणि घाणीकडे. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं, घरांना चुना फासला, छपरं उचकटली, सामान जाळलं. रेल्वेनं जाणाऱ्यांची आपल्या कल्याणला तपासणी होई. पुण्यात सोल्जर घरात घुसून बायाबापड्यांना बाहेर काढू लागले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. हाफकिन यांनी जानेवारी १८९७मध्ये स्वतःच्या अंगावर लस टोचून घेतली, ते फार मोठं काम. पण रोग माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे तेव्हाही कुणाला सांगता येत नव्हतं. ज्या उंदरांना गटारात पाणी सोडून हुसकलं ते कुठं गेले असतील? अर्थात शेजारच्या घरात.

१८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर कराचीत आला. रोग्यांच्या अंगावर त्याला बारीक फोड दिसले होते आणि ते पिसवांच्या चाव्याचे असावेत, अशी त्याला शंका होती. त्यानं काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा झालेला आजारी उंदीर ठेवला. तो मरायला टेकल्यावर वरून तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होण्याची सोय नव्हती. पिसू मात्र उडी मारून जाळीतून जाऊ शकत होती. काही दिवसांत वरचा उंदीर प्लेगनं मेला. उंदीर आणि माणूस यांच्यामधली तुटलेली वायर सापडली होती. जगानं सिमाँचं लगेच ऐकलं असंही नाही. पुढं १९०५पासून मुंबईत प्लेग आयोगानं केलेल्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. मधल्या वर्षांत माणसं मरत राहिली.

मुंबई महापालिकेनं पुढं रात्रीचे मूषकसंहारक नेमले. हातात काठी आणि विजेरी, रात्रीतून तीस उंदीर मारलेच पाहिजेत, नाहीतर खाडा. शहर झोपतं तेव्हा ही माणसं गल्ल्यांतून फिरत असतात. कवितेच्या मैफिलीहून उशिरा परतताना एकदा मी त्यांतल्या एकाशी बोललो आहे. त्यानं मला विचारलं, तुम्ही रात्री काय करता? मी सांगितलं. तो बराच वेळ हसला.

उंदीर वायर का खातो? पोट भरण्यासाठी नव्हे. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाकाठी दहा सेंटिमीटरच्या पुढे. कुरतडलं नाही तर तोंड मिटणार नाही. दातांच्या पुढच्या बाजूच्या कवचात लोहाचा अंश असतो, म्हणून ते पिवळे-नारिंगी दिसतात. कठीणपणाच्या मापात तांबं तीनच्या आसपास, लोखंड चार, आणि उंदराचा दात साडेपाच. आपल्याकडची घूस तर त्याहून दांडगी. इंग्रजीतला 'बँडिकूट' हा शब्द तेलुगू 'पंदिकोक्कु'वरून गेला, अर्थ डुक्कर-उंदीर. मला त्यापेक्षा आपली घूस बरी वाटते. शब्द उच्चारला की कुणीतरी घुसल्याचा भास होतो.

दुपारी वीज गेली तेव्हा साईंनी फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात पन्नासेक वर्षांचे कुरतडलेल्या वायरींचे तुकडे होते. गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून वडिलांनी ठेवायला सुरुवात केली आणि मग सवयच लागली. मी अनेक दप्तरखाने पाहिले आहेत. इतकं नीटस क्वचित. सगळ्यांत जुना तुकडा काळ्या रबराचा, वरून सुताची वीण असलेला, डांबरासारखा वास येणारा. जुन्या ॲम्बेसिडर आणि लष्करी गाड्यांत अशी वायर असे. उंदराला सूत घरट्यासाठी हवंच होतं. घरांतही तेव्हा रबराच्या वायरी लाकडी पट्टीत घालून भिंतीवरून नेत. त्यानंतरचे तुकडे रंगीत प्लास्टिकचे. पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती अमेरिकेत वाल्डो सेमन यांना १९२६मध्ये सापडली आणि हळूहळू जगभरच्या वायरींवर तेच चढलं. अलीकडचे तुकडे केसाएवढे बारीक, कातडं अगदी पातळ.

या पातळ कातड्यात सोयाबीनपासून काढलेले घटक असतात म्हणून उंदीर येतात, असं अलीकडे फार ऐकू येतं. अमेरिकेत २०१६मध्ये यावरून गाडीमालकांनी कंपन्यांवर दावेही लावले. माझं मत विचाराल तर डब्यातला सुताचा तुकडा बघा. सोयाबीन नव्हतं तेव्हाही दात होतेच. उंदराला वायरीची चव नको असते, त्याला टणकपणा हवा असतो, ऊब हवी असते आणि निवांतपणा हवा असतो. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, गाड्या महिनोन् महिने जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा रस्ते खुले झाले तेव्हा साईंच्या दारात रांग लागली होती.

आणि जगात फार मोठमोठ्या जागी हेच झालेलं आहे. डिसेंबर १९८७मध्ये एका खारीमुळे अमेरिकेतल्या नॅसडॅक शेअर बाजाराचं कामकाज खोळंबलं. मार्च २०१३मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात, त्सुनामीतून वाचलेल्या इंधनाच्या थंडाव्याची वीज गेली. तात्पुरत्या स्विचबोर्डात एक मेलेला उंदीर सापडला. त्यापुढे माझ्या भाच्याची गाडी म्हणजे काय!

मग पूर्वी एवढा बोभाटा का नव्हता? कारण गाडीत वायरीच थोड्या होत्या. ॲम्बेसिडरमध्ये दिवे, भोंगा, स्टार्टर, इग्निशन. फ्यूज मोजके. पुढं हँडल मारायची सोय. जुनी डिझेलची मॅटाडोर तर चार पोरांनी धक्का मारला की चालू. एकदा धडधडू लागली की विजेची तिला फारशी पर्वा नसे. उंदरानं दिव्याची वायर खाल्ली तर एका डोळ्यानं घरी यायचं. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली, तिच्यातही कार्ब्युरेटरच होता. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरासाठी प्रदूषणाचे कडक निकष लागू केले आणि २००० सालापासून साध्या गाड्यांतही पेट्रोल मोजून सोडणारी, संगणकावर चालणारी इंजिनं येऊ लागली. धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. दिल्लीच्या पोरांच्या छातीचा प्रश्न होता. पण कार्ब्युरेटरच्या जागी सेन्सर आले, सेन्सरमागं वायरी आल्या. आज साध्या गाडीतही शेकडो मीटर वायर असते. मागचं चाक किती फिरलं, ही बातमी पुढच्या संगणकाला वायरीवरून कळते. त्यामुळे उंदरानं एक घास घेतला की गाडीची शुद्ध हरपते. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडून तिला विचारावं लागतं, बाई, कुठं दुखतं?

वीज आली. साईंनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कारण काम करताना ठिणगी उडायला नको. चारही वायरींचे कुरतडलेले भाग दोन्हीकडे स्वच्छ तांबं दिसेपर्यंत कापले. त्याच जाडीच्या, शक्यतो त्याच रंगाच्या वायरीचे तुकडे मध्ये घातले. चारही सांधे एका जागी येऊ दिले नाहीत. एक पुढं, एक मागं, म्हणजे जुडगा फुगत नाही आणि एक सांधा दुसऱ्याला लागत नाही. सांधा आधी दाबून पक्का केला, मग त्यावर कथील अगदी बेताचं. "कथील जास्त झालं की वायरीत चढतं, तेवढी वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीनं शेजारी तुटते," हे त्यांनी भाच्याला दोनदा सांगितलं. वरून आतल्या बाजूला डिंक असलेली नळी चढवून गरम केली, ती आवळून बसली. दोन वायरी एकमेकींना पीळ घातलेल्या होत्या. सेन्सर आणि संगणक यांचं बोलणं त्यांच्यावरून चालतं. त्यांना पुन्हा तेवढाच पीळ घातला, नाहीतर बाहेरचा खरखराट आत शिरतो. मग कापडी टेप, मग चिरलेली लवचिक नळी, आणि जुडगा होता तिथंच पट्टीनं बांधून टाकला.

फ्यूजबद्दल त्यांचा एक कटाक्ष. फ्यूज उडाला तर का उडाला, ते शोधायचं. मोठा फ्यूज घालायचा नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घरी पोहोचलेले लोक मला माहीत आहेत. न पोहोचलेलेही साईंना माहीत आहेत. सोललेली वायर आणि न उडणारा फ्यूज एकत्र आले की गाडी पेटते.

सगळ्याच वायरी जोडायच्या नसतात, हेही त्यांनीच सांगितलं. पिवळ्या नळीतल्या वायरी एअरबॅगच्या. त्या खाल्ल्या असतील तर ते हात लावत नाहीत, कंपनीत पाठवतात. जुडगा वीस ठिकाणी चावलेला असेल तर अख्खा बदला म्हणतात. म्हणजे शोरूमचा बावन्न हजारांचा कागद प्रत्येक वेळी चुकीचाच असतो, असं नाही. माझी तक्रार एवढीच, की त्या कागदाआधी कुणी ओणवं व्हायला पाहिजे होतं.

बंदोबस्ताचं विचाराल तर साईंकडे रामबाण नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याच्यापासून जपून राहावं, असं मला वाटतं. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, फिनेल, सगळ्यांचा वास चार दिवस चालतो. जपानी होंडा कंपनी तिखट लावलेली टेप वायरीवर गुंडाळायला विकते; ती निदान दाताशी बोलते. कानाला ऐकू न येणारा आवाज करणाऱ्या डब्या विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००१मध्येच पत्रं पाठवून पुरावा मागितला होता. विष घातलं तर उंदीर एसीच्या वाटेत जाऊन मरतो आणि महिनाभर गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावतं. शिवाय विषाची गोष्ट वेगळीच आहे. अंबरनाथला विमकोचा आगपेटीचा कारखाना होता. वडिलांचे एक स्नेही तिथं कामाला होते, त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं की जुन्या काळच्या काड्यांना पांढरा फॉस्फरस लावत. कामगारांचे जबडे त्यानं सडत. १९०६च्या बर्नच्या करारानं त्याच्यावर जगभर बंदी येऊ लागली. उंदीर त्या काड्या पळवून बिळात नेतात आणि कुरतडताना आग लागते, असंही तेव्हा लोक मानत. तोच फॉस्फरस उंदराच्या विषाच्या मलमातही असे, आणि अशा मलमानं आपल्याकडे उंदरांइतकीच दुःखी माणसंही मेली आहेत. घरात ते आणूच नये.

उपाय आहेत ते कंटाळवाणे आहेत. गाडी रोज हलवायची. चार दिवस उभी राहणार असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवायचं. ऊब आणि अंधार दोन्ही जातात. गाडीत वडापावचा कागद टाकायचा नाही. हवेच्या तोंडाला बारीक तारेची जाळी. कचऱ्याच्या डब्यापासून आणि खणलेल्या जमिनीपासून लांब. बदलापुरात यातलं शेवटचं पाळायचं कसं, हा प्रश्न आहे. तिथं दर पावसाळ्यानंतर एखादं खाचर कमी होतं आणि एक टॉवर वाढतो. पार्किंगच्या रेषा जिथं मारल्या आहेत, तिथं काही वर्षांपूर्वी भात होता आणि भातासोबत हे सगळे होतेच.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. साईंनी यंत्रातून जुनी नोंद पुसली आणि तासभर इंजिन चालू ठेवून बसले. दिवा लागला नाही. मग त्यांनी भाच्याला एक फेरी शहाडपर्यंत मारून यायला लावली. ती मारून तो परत आला तेव्हा मगरिबची अजान होत होती आणि साईंनी गाळ्यातल्या झुलेलालच्या तसबिरीसमोर उदबत्ती लावली होती. पैसे किती, तर अठराशे. भाच्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं दोन हजार दिले, तर दोनशे परत आले.

त्यांचा मुलगा पुण्याला मोबाइलच्या कंपनीत आहे. गाळ्याला गिऱ्हाईक लागलं आहे, दिवाळीनंतर ठरवू, असं ते म्हणाले. भाच्यानं विचारलं, "मग आम्ही कुठं जायचं?" त्यावर ते काही बोलले नाहीत. कापलेल्या वायरींतला एक तुकडा त्यांनी उचलला, दाताच्या खुणा दिसतील असा वळवला, त्याला टेपचा तुकडा लावून वर बॉलपेननं 'बदलापूर' असं लिहिलं आणि डब्यात टाकला. मी म्हटलं, साईं, तारीखही घाला. मग त्यांनी तो परत बाहेर काढला.